पहाटेचे विमान आणि आदल्या रात्रीचा मुक्काम

८ ऑक्टोबर २०२५ रोजी नवी मुंबईच्या विमानतळाचे उद्घाटन झाले आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरअखेरीस तेथून प्रवासी वाहतूक सुरू झाली. पहिल्या टप्प्यात वर्षाला दोन कोटी आणि अखेरीस नऊ कोटी उतारू, अशी त्याची योजना आहे. सहारचा जुना विमानतळ तर आजच वर्षाला सुमारे साडेपाच कोटी प्रवाशांचा भार वाहतो. धावपट्ट्या, टर्मिनलचे कमळाकृती छत, त्यावर झालेला खर्च यांची चर्चा भरपूर झाली. एका साध्या प्रश्नाकडे मात्र फारसे कोणाचे लक्ष गेलेले दिसत नाही. पहाटेचे विमान गाठण्यासाठी सांगलीहून, सोलापूरहून किंवा रत्नागिरीहून निघालेल्या सहा-सात माणसांच्या कुटुंबाने आदल्या रात्री अंग टाकावे कोठे?

हा प्रश्न श्रीमंतांच्या चैनीचा आहे, असे वाचकाला क्षणभर वाटेल. पंचवीस वर्षांपूर्वी ते बहुतांशी खरेही ठरले असते. २०१७ साली ‘उडान’ योजनेतील पहिले विमान सिमल्याहून सोडताना पायात हवाई चप्पल घालणाराही विमानात दिसला पाहिजे, अशी आकांक्षा पंतप्रधानांनी बोलून दाखवली होती. ती कितपत फळाला आली याबद्दल मतभेद होतील. परंतु शिक्षक, कारकून, लहान बागायतदार यांच्या घरांतील माणसे आता विमानाने जातात, हे कोणीही पाहू शकतो. मुलगी उच्च शिक्षणासाठी परदेशी निघते, तिला पोचवायला आजी-आजोबांसह सारे घर येते. आखातात नोकरी करणारा मुलगा आईवडिलांना आणि बहिणीच्या कुटुंबाला बोलावून घेतो. पुण्याहून थेट परदेशी जाणारी विमाने मोजकीच आहेत, कारण लोहगावची धावपट्टी मुळात हवाई दलाची. त्यामुळे उर्वरित महाराष्ट्राची वाट मुंबईवरूनच जाते.

आता ही विमाने अवेळीच का सुटतात? युरोपात सकाळी उतरून पुढचे विमान गाठता यावे म्हणून तिकडची अनेक उड्डाणे येथून मध्यरात्रीनंतर होतात. देशांतर्गत विमाने पहाटे पाच-सहापासून निघतात, कारण विमान जमिनीवर उभे राहिले की कंपनीला तोटा आणि आकाशात असले की मिळकत. दिवसाकाठी एक फेरी अधिक व्हावी यासाठी पहिली फेरी लवकर काढणे कंपनीच्या दृष्टीने सर्वस्वी शहाणपणाचे आहे. ही वेळ गैरसोयीची असल्याने तिचे तिकीट पुष्कळदा थोडे स्वस्त ठेवावे लागते. प्रवासी ते आनंदाने घेतो. वस्तुतः येथे खर्च कमी झालेला नसतो, तो एका वहीतून दुसऱ्या वहीत गेलेला असतो. परदेशी उड्डाणाला तीन तास आणि देशातल्या उड्डाणाला दोन तास आधी हजर राहा, असा कंपन्यांचा सल्ला असतो. सहाच्या विमानासाठी रात्री तीन वाजता दारात उभे राहायचे, तर त्या वेळी ना मेट्रो चालू असते ना लोकल. म्हणजे कंपनीने वाचवलेल्या वेळेची किंमत प्रवाशाने टॅक्सीच्या आणि मुक्कामाच्या रूपाने चुकती करायची. तिकिटावर ही रक्कम छापलेली नसते, एवढाच फरक.

हा मुक्काम पूर्वी फुकट होई, निदान पैशाच्या हिशेबात. मराठी माणसाचे विमानतळाजवळचे हॉटेल म्हणजे पार्ल्याची मावशी किंवा डोंबिवलीचा काका. दोन खोल्यांच्या जागेत सतरंज्या पसरून आठ-दहा माणसे झोपत, आणि पहाटे काकू उठून चहा व वाटेसाठी दशम्या करून देत. अर्थशास्त्रज्ञ ज्याला बिगरबाजारी सेवा म्हणतात तिचे हे उत्तम उदाहरण. तिचे मोल राष्ट्रीय उत्पन्नात धरले जात नाही आणि तिचा भार घरातल्या स्त्रीवर किती पडतो हेही कोणी मोजत नाही. ही व्यवस्था आता मोडकळीला आली आहे. पार्ल्याच्या मावशीची मुले विरारला किंवा बदलापूरला गेली आणि तेथून सहार इतके दूर की उतरून उपयोग नाही. सून नोकरीला जाते, नातवाची परीक्षा असते, आणि आपल्यालाही सात माणसे घेऊन कोणाच्या दारात उभे राहणे आता प्रशस्त वाटत नाही. मुक्काम बाजारात आला तो असा. आणि बाजाराने त्याचे एकक ठरवले ते माणूस नव्हे, तर खोली.

खोली हे एकक

हॉटेलातील प्रमाण खोली दोन प्रौढांसाठी असते. सोबत एखादे लहान मूल, किंवा जादा पैसे भरून तिसऱ्यासाठी एक गादी. बारा वर्षांवरील मूल बहुतेक ठिकाणी प्रौढांतच मोजतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत भारतीय कुटुंबाचा सरासरी आकार ४.४ आढळला. म्हणजे आपले सरासरी कुटुंबसुद्धा या खोलीत मावत नाही. आजी-आजोबा धरले तर बोलायलाच नको.

एकत्र राहण्यात काटकसर असते, हे आपल्याला कोणी शिकवावे लागत नाही. दोघांच्या संसाराला जेवढे लागते त्याच्या तिप्पट सहा जणांच्या संसाराला लागत नाही, कारण चूल एक, दिवा एक, भाडे एक. दारिद्र्याची मोजणी करणारे अभ्यासक याचसाठी कुटुंबाच्या आकारानुसार खर्चाला वेगळे भार देतात. हॉटेलाच्या दारात ही सगळी काटकसर संपते. समजा, साध्या खोलीचे भाडे चार हजार आहे आणि हॉटेल जादा गादी देत नाही. दोघांना चार हजार, चौघांना आठ हजार, सहांना बारा हजार. पाच असले तरीही बारा हजारच. पुन्हा काळ्यापिवळ्या टॅक्सीत चारच माणसे बसतात, म्हणून टॅक्सीही दोन. त्यात हॉटेलाचा दिवस दुपारी दोनला सुरू होऊन दुसऱ्या दिवशी अकरा-बाराला संपतो. रात्री दहाला येऊन अडीचला निघणारे कुटुंब साडेचार तासांसाठी पूर्ण दिवसाचे भाडे मोजते.

प्रश्न केवळ पैशाचाही नाही. आमच्या एका सहकाऱ्याने मुलीला पोचवताना अंधेरी परिसरातील एका हॉटेलात तीन खोल्या आधीच राखून ठेवल्या होत्या. खोल्या शेजारी-शेजारी द्याव्यात, अशी विनंतीही केली होती. रात्री पोचल्यावर त्यांना दुसऱ्या, चौथ्या आणि पाचव्या मजल्यावरच्या खोल्या मिळाल्या. ऐंशीच्या घरातील आईला एकटे ठेवणे शक्य नव्हते आणि दहा वर्षांच्या मुलालाही नव्हते. अखेर पाच माणसे एका खोलीत बसून राहिली, दोन रिकाम्या खोल्यांचे भाडे मात्र द्यावे लागले. ‘विनंती नोंदवली आहे’ आणि ‘खोल्या मिळतील’ या दोन वाक्यांत केवढे अंतर असते, हे आरक्षण करतानाच फोनवर स्पष्ट विचारून आणि लेखी घेऊन ठेवावे, असे ते आता सर्वांना सांगत असतात.

जे हा खर्च टाळतात ते काय करतात? काही जण फार लवकर येऊन विमानतळाच्या दाराबाहेर सामानावर बसून रात्र काढतात. निरोप द्यायला आलेल्यांना तर तिकिटाअभावी आत प्रवेशच नसतो. काही जण मुक्काम न करता रात्रभर गाडी हाकतात. दिवसभर काम केलेला चालक, मागे झोपलेली मुले आणि रात्री एकच्या सुमारास उतरणीला लागलेला बोरघाट, हे चित्र ज्याने अनुभवले आहे त्याला या विषयाला चैन म्हणण्याचा धीर होणार नाही.

कराची गंमत

या सर्वांवर कर आपली भर घालतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून दिवसाला ७,५०० रुपयांपर्यंत भाडे असलेल्या खोलीवर वस्तू व सेवा कर ५ टक्के झाला. त्यापूर्वी तो १२ टक्के होता. मध्यम भाड्याच्या खोल्यांना दिलेली ही सवलत स्वागतार्हच आहे. त्यावरील भाड्याला मात्र १८ टक्के दर कायम आहे. हेतू उघड आहे: महाग खोली घेणारा तो धनिक, त्याच्याकडून अधिक घ्यावे. परंतु कायदा खोलीचे भाडे पाहतो. त्या खोलीत किती माणसे झोपली हे पाहत नाही. एखाद्या हॉटेलाने सहा जणांची एक मोठी खोली ८,००० रुपयांना दिली, तर कर १,४४० रुपये. त्याच सहा जणांनी चार हजारांच्या दोन खोल्यांत तिघे-तिघे दाटीने रात्र काढली, तर कर ४०० रुपये. दर माणशी भाडे दोन्हीकडे सारखेच, कर मात्र साडेतीन पटींहून अधिक. उलट ७,५०० रुपयांची खोली एकट्याने घेणारा ५ टक्क्यांत सुटतो. अशा स्थितीत हॉटेल व्यावसायिकाने मोठी कौटुंबिक खोली बांधावी तरी कशासाठी? कराचा टप्पा खोलीऐवजी दर माणशी भाड्यावर ठरवला तर ही विसंगती जाईल. प्रत्येक पाहुण्याची नोंद हॉटेलाच्या वहीत होतच असते, तेव्हा अंमलबजावणी अशक्य आहे असे म्हणता येणार नाही. राज्याच्या अर्थमंत्र्यांनी हा मुद्दा जीएसटी परिषदेत मांडण्यासारखा आहे.

खोली हेच एकक असले पाहिजे, असा काही निसर्गनियम नाही. जपानमधील पारंपरिक पांथशाळा दर माणशी आकार घेतात आणि एकाच दालनात चार-पाच जणांचे बिछाने जमिनीवर घालतात. इंग्लंडमध्ये विमानतळांजवळच्या साध्या हॉटेलांत दोन प्रौढ व दोन मुले यांच्यासाठी कौटुंबिक खोली सर्रास मिळते. पाचवे माणूस आले की अडचण तेथेही आहेच. आपल्याकडे तर जमिनीवर अंथरूण घालून झोपणे हीच रीत होती. गाडगेबाबांनी पंढरपूर, नाशिक, आळंदीला धर्मशाळा उभ्या केल्या त्या प्रवासी कुटुंबासह येतो आणि गरीब असतो हे ओळखूनच. दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आजही कर्करुग्णांना आणि त्यांच्या नातेवाइकांना आसरा देते. मुंबईतील हज हाऊसमध्ये यात्रेकरूंना विमान सुटण्यापूर्वी मुक्काम करता येतो. रेल्वेने तिकीटधारकांसाठी विश्रांतिकक्ष ठेवले आणि ते बारा तासांसाठीही दिले. २०२२ मध्ये छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवर झोपण्याचे लहान कप्पे सुरू झाले तेव्हा ४० पैकी ४ कुटुंबांसाठी होते. संख्या अल्प खरी, पण कुटुंब नावाची काही वस्तू प्रवास करते याची दखल तरी घेतली गेली. विमानतळांच्या नियोजनात ती शोधावी लागते.

मागणी असेल तर पुरवठा होईलच, असे बाजारवादी मित्र म्हणतील. काही प्रमाणात तो होतो आहे. मरोळ, अंधेरी भागांत पूर्ण सदनिका एका रात्रीसाठी देणारे लोक आहेत आणि मोठ्या कुटुंबाला आज तोच पर्याय त्यातल्या त्यात परवडतो. मात्र गृहनिर्माण संस्थांचा विरोध, रात्री उशिरा किल्ली मिळण्याची अनिश्चितता आणि तक्रार करायला समोर कोणी नसणे, या गोष्टी पहाटे तीनला निघणाऱ्याला परवडणाऱ्या नव्हेत. शिवाय विमानतळाभोवतीची जमीन हा सामान्य बाजार नव्हे. तेथे इमारतींच्या उंचीवर बंधने आहेत, जागा वाढत नाही, आणि मोक्याची जमीन सरकारी आहे. पुरवठा वाढू शकत नसेल तेथे मागणीने फक्त भाडे वाढते. दिवाळीत आणि डिसेंबरात आपण ते पाहतोच.

जमीन कोणाची?

मुंबई विमानतळ २००६ साली खाजगी कंपनीकडे चालवायला गेला तो महसुलाचा ३८.७ टक्के वाटा विमानतळ प्राधिकरणाला देण्याच्या बोलीवर. जमीन प्राधिकरणाचीच राहिली. अशा जमिनीवरील हॉटेलांकडून जास्तीत जास्त उत्पन्न घ्यावे, असा सरकारचा आजवरचा दृष्टिकोन आहे. दिल्लीच्या विमानतळालगत हॉटेलांची जी वसाहत उभी राहिली तिच्यात मुख्यत्वे तारांकित हॉटेले का, याचे उत्तर त्यातच आहे. सरकारला हस्तक्षेप करताच येत नाही असेही नाही. विमानतळावर चहा परवडत नाही, अशी ओरड झाल्यावर डिसेंबर २०२४ मध्ये कोलकात्याला दहा रुपयांत चहा देणारे उपाहारगृह सरकारनेच सुरू केले. चहाच्या बाबतीत जे सुचले ते अंथरुणाच्या बाबतीत सुचायला हरकत नसावी.

सहारला आता फारसे करता येण्याजोगे उरलेले नाही. नवी मुंबईची गोष्ट निराळी आहे. सुमारे १,१६० हेक्टरांच्या त्या विमानतळाच्या कंपनीत सिडकोचा २६ टक्के हिस्सा आहे आणि आसपासच्या भूभागाची नियोजक संस्थाही बव्हंशी सिडकोच. हॉटेलांसाठी भूखंड देताना काही अटी घालणे तिच्या हाती आहे: ठरावीक खोल्या चार ते सहा माणसांच्या असाव्यात, त्या बारा तासांच्या भाड्यानेही मिळाव्यात, विमानाचे तिकीट दाखवणाऱ्या कुटुंबाला प्राधान्य असावे, आणि रात्री दोनपासून टर्मिनलपर्यंत बस सोडावी. अशा अटींमुळे भूखंडाची बोली काहीशी कमी येईल, हे मान्य केले पाहिजे. किती कमी येईल, हे निविदा काढल्यावरच समजेल. मात्र एकदा भाडेपट्ट्यावर सह्या झाल्या की मग अट घालण्याची वेळ निघून गेलेली असते, आणि तेथील भूखंडांचे वाटप तर पुढील काही वर्षांतच व्हायचे आहे.