आखातात जाणाऱ्या कुटुंबांसाठी जिल्ह्यात मार्गदर्शन कक्ष सुरू करण्याबाबत निवेदन

प्रति,
मा. जिल्हाधिकारी,
जिल्हाधिकारी कार्यालय, रत्नागिरी

विषय : आखाती देशांत राहणाऱ्या व तिकडे जाऊ इच्छिणाऱ्या कुटुंबांना जाण्यापूर्वीच मराठीतून व्यवहाराची माहिती आणि कागदपत्रांची सोय जिल्ह्यात मिळण्याबाबत.

महोदय,

मंडणगड, दापोलीपासून लांजा, राजापूरपर्यंत या जिल्ह्यातल्या कितीतरी वाड्यांची आणि मोहल्ल्यांची घरे दुबई, कुवेत, मस्कत, दोहा, बहरीन आणि सौदीच्या पगारावर उभी राहिली आहेत. पूर्वी घरातला एकटा पुरुष जायचा आणि दोन-दोन वर्षांनी सुट्टीवर यायचा. आता अनेक जण बायको-मुलांना नेतात. कुटुंब गेले की प्रश्न नुसत्या नोकरीचा राहत नाही. शाळा, दवाखाना, घरभाडे, बाळंतपण, मुलांचे पुढचे शिक्षण सगळेच त्यात येते. हे निवेदन त्या कुटुंबांसाठी आहे.

केंद्र सरकारने कामगारासाठी काही तजवीज केली आहे, हे आम्ही कृतज्ञतेने नमूद करतो. दहावी न झालेल्याचा पासपोर्ट ईसीआर, म्हणजे नोकरीला जाण्यापूर्वी सरकारी मंजुरी लागणारा, असतो. आखातातल्या सहाही देशांत नोकरीला जाण्यापूर्वी त्याला केंद्र सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवरून ही मंजुरी घ्यावी लागते, प्रवासी भारतीय बीमा योजनेत त्याचा 10 लाख रुपयांचा विमा उतरवला जातो, आणि निघण्यापूर्वीचे एक दिवसाचे प्रशिक्षणही त्याच्यासाठी आहे. दहावी झालेल्याला यातले काही बंधनकारक नाही, म्हणून त्याला कोणी काही सांगत नाही. फॅमिली व्हिसावर जाणाऱ्या त्याच्या बायकोला तर या रचनेत जागाच नाही. परक्या देशात घर चालवायचे ते तिने, पण तिला माहिती मिळते ती एजंटाच्या माणसाकडून नाहीतर नात्यातल्या कुणाच्या फोनवरून. यातली बरीचशी संकटे विमानात बसण्याआधी, इथे आपल्या जिल्ह्यातच टाळता येण्यासारखी असतात. म्हणून आपल्याकडे आलो आहोत.

पहिला प्रश्न कागदांचा. गावात लग्नाची नोंद ग्रामसेवकांकडे होते, आणि ती बहुधा व्हिसाची वेळ आल्यावरच होते. तोवर नावांचा घोळ होऊन बसलेला असतो. आपल्याकडे लग्नात मुलीचे नाव बदलण्याची रीत आहे. शाळेच्या दाखल्यावर माहेरचे नाव, आधारवर सासरचे, पासपोर्ट त्या दोहोंपैकी एकावर आणि विवाह नोंदणीच्या दाखल्यात तिसरेच स्पेलिंग. मुलाच्या जन्मदाखल्यात आईचे नाव आणखी वेगळे. इथे हे खपून जाते. तिकडच्या इमिग्रेशनच्या खिडकीवर आई आणि मूल यांचे नातेच सिद्ध होत नाही. नवरा तिकडे घर भाड्याने घेऊन बसलेला आणि बायको इथे शपथपत्रे करत हिंडते, हे चित्र आमच्या गावांना सवयीचे झाले आहे.

नावे जुळली की साक्षांकन. सौदी, ओमान आणि बहरीन या देशांना परराष्ट्र मंत्रालयाचे अपोस्टिल प्रमाणपत्र चालते. संयुक्त अरब अमिरात, कतार आणि कुवेत यांना ते चालत नाही; राज्य सरकार, परराष्ट्र मंत्रालय आणि मग त्या देशाची वकिलात अशा क्रमाने शिक्के लागतात. हा साधा फरक माहीत नसल्यामुळे लोक चुकीचा शिक्का घेऊन येतात आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करतात. अपोस्टिलची सरकारी फी एका कागदाला 50 रुपये आहे. मध्यस्थ किती घेतात, ते ज्याने दिले आहेत त्यालाच विचारावे. आमची विनंती अशी, की जिल्हाधिकारी कार्यालयात आठवड्यातून ठरावीक दिवशी हे कागद तपासून स्वीकारावेत आणि एकगठ्ठा मुंबईला पाठवावेत, म्हणजे राजापूरच्या बाईला दोन सह्यांसाठी मुंबईत मुक्काम करावा लागणार नाही. ग्रामसेवकांनाही लेखी सूचना जावी, की विवाह आणि जन्माच्या दाखल्यातले स्पेलिंग पासपोर्टशी पडताळून मगच इंग्रजी प्रत द्यावी.

शाळेच्या बाबतीत अडचण वेळापत्रकाची आहे. अमिरातीतल्या भारतीय अभ्यासक्रमाच्या शाळा एप्रिलमध्ये सुरू होतात. आपल्याकडे मुलांची परीक्षा संपून निकाल लागेपर्यंत तिकडचे वर्ग चालू झालेले असतात. त्यात शाळा सोडल्याच्या दाखल्यावर शिक्षणाधिकाऱ्यांची प्रतिस्वाक्षरी लागते आणि त्यानंतर वर सांगितलेली साक्षांकनाची साखळी. मे महिन्यात मुख्याध्यापक सुट्टीवर, कारकून निवडणुकीच्या नाहीतर दुसऱ्या कामावर. मूल तिकडे पोहोचते तेव्हा जागा भरलेल्या असतात, आणि ते काही महिने फ्लॅटमध्ये बसून राहते. बाहेर उन्हाळा असा की खेळायलाही जाता येत नाही. जानेवारी ते मार्च या काळात आखातात जाणाऱ्या मुलांचे दाखले सात दिवसांत प्रतिस्वाक्षरीसह मिळावेत, ही आमची आग्रहाची मागणी आहे. याला नवा कायदा लागत नाही, एक परिपत्रक पुरेसे आहे.

आता जरा वेगळ्या, पण आमच्या मते सर्वांत तातडीच्या गोष्टीबद्दल. मे महिन्यात आपल्याकडे वर्षभराचा मसाला होतो. मिरच्या वाळतात, धणे, बडीशेप, दगडफूल, खसखस भाजली जाते, आणि सगळे डंकावर कुटून बरणीत भरले जाते. त्यातला किलोभर मसाला लेकीसाठी किंवा सुनेसाठी पिशवीत बांधून परदेशी जातो. दिवाळीत अनारसे जातात, त्यांच्यावरही खसखस. अमिरात, सौदी आणि कतार या देशांत खसखस आणायला बंदी आहे. अमली पदार्थांच्या कायद्याखाली ती मोडते. आईच्या हातचा मसाला नेणाऱ्या मुलीला याची कल्पनाही नसते. तसेच औषधांचे. कोडीन असलेले खोकल्याचे औषध किंवा ट्रामाडॉलची वेदनाशामक गोळी आपल्याकडे डॉक्टर सहज लिहून देतात. तिकडे ही नियंत्रित औषधे आहेत. डॉक्टरांची चिठ्ठी आणि गरजेप्रमाणे तिथल्या आरोग्य खात्याची पूर्वपरवानगी नसेल तर विमानतळावरच अडकायला होते. शेवटच्या दिवशी ओळखीच्याने आणून दिलेली, दुसऱ्यासाठी बांधलेली पिशवी तर कधीही नेऊ नये. हे सांगणारा साधा फलक, मराठीत आणि उर्दूत, प्रत्येक एसटी स्थानकावर, ग्रामपंचायतीत, प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि औषधांच्या दुकानांत लागला पाहिजे. जमातींच्या कार्यालयांतून आणि मंदिरांच्या सभामंडपांतून तो लावायला आम्ही स्वतः मदत करू.

करारपत्राकडे आमचे लोक फक्त एकूण आकडा बघतात. अमिरातीत नोकरी सुटताना मिळणारी ग्रॅच्युइटी मूळ पगारावर असते, पहिल्या पाच वर्षांसाठी दरवर्षी 21 दिवसांचा मूळ पगार. दोघांना महिना 3,000 दिरहम मिळतात असे समजा. एकाचा मूळ पगार 2,400, दुसऱ्याचा 1,200 आणि बाकी भत्ते. पाच वर्षांनी पहिल्याच्या हातात 8,400 दिरहम येतात आणि दुसऱ्याच्या 4,200. सही करण्यापूर्वी हे कोणी कागदावर मांडून दाखवले, तर माणूस एजंटाला निदान प्रश्न तरी विचारेल. कुटुंब नेण्याचा हिशेबही असाच आधी मांडायला हवा. अमिरातीत बायको-मुलांना प्रायोजित करायला महिना 4,000 दिरहम, किंवा 3,000 आणि राहायला घर, एवढी मिळकत लागते. पण तेवढ्या पगारात भाडे, शाळा आणि विमा भागतो का, हा प्रश्न नियम विचारत नाही. सौदीत प्रत्येक अवलंबित व्यक्तीमागे महिना 400 रियाल शुल्क आहे. बायको आणि दोन मुले म्हणजे वर्षाला 14,400 रियाल. हा आकडा तिथे गेल्यावर कळण्यापेक्षा चिपळूणमध्ये कळलेला बरा.

नोंदणीकृत भरती एजंटाला उमेदवाराकडून 30,000 रुपये आणि त्यावरचा जीएसटी, याहून अधिक सेवाशुल्क घेता येत नाही. आपल्या भागात ‘आझाद व्हिसा’, म्हणजे एका मालकाशी न बांधलेला व्हिसा, म्हणून लाखांत पैसे मोजले जातात, व्हिजिट व्हिसावर पाठवून ‘तिकडे गेल्यावर काम मिळेल’ असे सांगितले जाते, आणि मुदत संपल्यावर अमिरातीत रोज 50 दिरहम दंड चढत जातो. अधिकृत एजंटांची यादी ई-मायग्रेटवर आहे, पण ती पाहायची कशी हे गावात दाखवणारे कोणी नाही. पोलीस अधीक्षकांच्या सहकार्याने अशा बेकायदा भरतीच्या तक्रारी घेण्यासाठी जिल्ह्यात एक अधिकारी नेमावा.

तिकडे जन्मलेल्या बाळाची नोंद भारतीय वकिलातीत एक वर्षाच्या आत व्हावी लागते, नंतर केंद्र सरकारची परवानगी लागते. अमिरातीत बाळाचा व्हिसा 120 दिवसांत करायचा असतो. घरी आजी-आजोबांना एवढे जरी ठाऊक असले तरी फोनवर आठवण करून देतील. बँकेचेही असेच आहे: परदेशी राहायला गेल्यावर साधे बचत खाते एनआरओ करून घ्यायचे असते आणि तिकडची कमाई पाठवायला एनआरई खाते उघडायचे असते. जिल्हा अग्रणी बँकेने वर्षातून एकदा, सुट्टीवर माणसे आलेली असतात तेव्हा, तालुक्याला मेळावा घ्यावा.

परत येणाऱ्या मुलांबद्दल राज्य सरकारकडे आपण शिफारस करावी. आखातातील भारतीय कामगारांच्या मुलांसाठी अभियांत्रिकी महाविद्यालयांत अधिसंख्य जागा असतात, पण ज्यांच्यासाठी त्या आहेत त्या सुताराच्या आणि ड्रायव्हरच्या घरात ही बातमीच पोहोचत नाही. वैद्यकीय प्रवेशात राज्याच्या कोट्यासाठी दहावी-बारावी महाराष्ट्रातून झालेली असावी लागते, आणि अनिवासी भारतीयांच्या कोट्याची फी आमच्यातल्या बहुतेकांच्या आवाक्यात नाही. मूल नववीत असतानाच आईवडिलांना हे माहीत असले, तर त्याला कुठे शिकवायचे याचा विचार ते वेळेवर करू शकतील.

एक गोष्ट लिहायला जड जाते. तिकडे कोणी वारले तर मृत्यूचा दाखला, पोलिसांचा ना-हरकत, पासपोर्ट रद्द करणे, वकिलातीची परवानगी, एम्बामिंग एवढे झाल्यावर पार्थिव मुंबईला पोहोचते. वकिलातींकडे 2009 पासून भारतीय समुदाय कल्याण निधी आहे, आणि अडलेल्या कुटुंबाला त्यातून मदत मिळू शकते. पण त्यासाठी अर्ज करायचा असतो, हे शोकात बुडालेल्या घराला कोण सांगणार? आणि विमानतळापासून गुहागरपर्यंतची शववाहिका कुटुंबालाच शोधावी लागते, रात्री-अपरात्री, मिळेल त्या भावात. केरळ सरकारने 1996 मध्ये परदेशस्थ केरळीयांसाठी स्वतंत्र विभाग काढला. आमचे मागणे त्यामानाने फार लहान आहे. मुंबई विमानतळावरून जिल्ह्यात पार्थिव किंवा अत्यवस्थ रुग्ण आणण्यासाठी जिल्हा नियोजन निधीतून वाहनाची विनामूल्य सोय व्हावी, आणि त्यासाठी रात्रीही उचलला जाणारा एक दूरध्वनी असावा.

या सगळ्यासाठी जिल्हाधिकारी कार्यालयात एक मार्गदर्शन कक्ष, आणि पहिल्या टप्प्यात दापोली, खेड, चिपळूण व राजापूर येथे आठवड्यातून एक दिवस त्याचे टेबल, एवढी सुरुवात आम्हाला पुरेशी आहे. जिल्हा कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्राकडे हे काम सोपवता येईल. कक्षावर किमान एक महिला कर्मचारी असावी, कारण विचारायला येणाऱ्यांत बायकाच अधिक असतील आणि घरभाड्यापासून नवऱ्याच्या मारहाणीपर्यंत त्यांचे प्रश्न सगळ्यांसमोर मांडण्यासारखे नसतात. तिकडे अडचणीत सापडल्यास ‘मदद’ पोर्टलवर तक्रार कशी करायची, दुबईतल्या प्रवासी भारतीय सहाय्यता केंद्राचा 800 46342 हा मोफत क्रमांक, वकिलातीत नाव कसे नोंदवायचे, हे सारे एका छोट्या मराठी पुस्तिकेत छापून कक्षाने द्यावे. नियम बदलतात, म्हणून ती दरवर्षी तपासली जावी. आखातात वीस-पंचवीस वर्षे काढून परतलेली अनेक माणसे गावोगाव आहेत. मजकूर तपासायला आणि टेबलावर बसायला ती विनामोबदला तयार आहेत.

शाळांच्या कागदांची धावपळ जानेवारीत सुरू होते. तेव्हा कक्षाचा आदेश डिसेंबरअखेर निघावा, आणि त्यापूर्वी शिक्षणाधिकारी, पोलीस आणि अग्रणी बँक यांच्या प्रतिनिधींसह आमच्या शिष्टमंडळाला बैठकीसाठी वेळ द्यावी, ही विनंती.

आपले नम्र,
रत्नागिरी जिल्ह्यातील आखातनिवासी कुटुंबे व त्यांचे गावाकडील नातेवाईक
(सह्यांची पाने सोबत जोडली आहेत)

प्रत माहिती व उचित कार्यवाहीसाठी :
मा. पालकमंत्री, रत्नागिरी जिल्हा
मा. मुख्य कार्यकारी अधिकारी, जिल्हा परिषद, रत्नागिरी
मा. जिल्हा पोलीस अधीक्षक, रत्नागिरी