पगाराची स्लिप: कामगाराचा हक, मालकाची जबाबदारी

तारापूर एमआयडीसीत नोकरी करणारा माझा एक जुना विद्यार्थी परवा मासवणला भेटला. हातात पगाराची स्लिप. म्हणाला, "सर, पगार तेवढाच, पण पीएफ जास्त कापला. आमचं नुकसानच ना?"

नुकसान नाही, हे त्याला कागदावर मांडून दाखवलं. 21 नोव्हेंबर 2025 पासून देशात चार श्रमसंहिता लागू झाल्या आणि पगाराची व्याख्या बदलली. पूर्वी बेसिक कमी दाखवून बाकी रक्कम घरभाडे, प्रवास अशा भत्त्यांत टाकली जायची. आता भत्ते एकूण रकमेच्या निम्म्याहून जास्त असतील, तर वरची रक्कम वेतनातच मोजायची.

समजा एकूण 30,000 रुपये आहेत. बेसिक 12,000, भत्ते 18,000. निम्म्यापेक्षा 3,000 जास्त, म्हणून वेतन झालं 15,000. 12 टक्क्यांनी पीएफ 1,440 वरून 1,800 झाला. हातात 360 कमी आले, पण मालकालाही 360 जास्त भरावे लागले. ग्रॅच्युइटीही दर वर्षामागे सुमारे 6,900 ऐवजी 8,650 रुपये होते. ज्यांचा पीएफ आधीच 15,000 च्या मर्यादेवर कापला जातो, त्यांच्या हातातला पगार यामुळे कमी होण्याचं कारण नाही. तसं झालं असेल तर जरूर विचारा.

आपली बरीच मुलं ठेकेदारामार्फत कामाला आहेत. ठेकेदाराने मजुरी बुडवली, तर ती देण्याची जबाबदारी कारखान्याच्या मालकावर येते. थकलेल्या पैशांसाठी 3 वर्षांपर्यंत दावा करता येतो. पण पुरावा हवा. स्लिप, हजेरी, बँकेचं पासबुक जपून ठेवा.

आता दुसरी बाजू. आपल्यातही बेकरी, गॅरेज, फर्निचरचे कारखाने चालवणारे आहेत. चार माणसं कामाला, हिशोब तोंडी, "आपलाच पोरगा आहे" म्हणून कागद नाही. कायदा तिथेही लागू आहे. स्लिप द्यायची, महिन्याचा पगार पुढच्या 7 तारखेच्या आत द्यायचा, ओव्हरटाइम दुप्पट दराने द्यायचा. कामगार सोडून गेला किंवा काढला, तर कामाच्या 2 दिवसांत त्याचं वेतन चुकतं करायचं. 10 किंवा जास्त कामगार असतील तर नेमणूकपत्रही द्यायचं. देय रकमेपेक्षा कमी दिलं तर 50,000 रुपयांपर्यंत दंड आहे.

दंडाची भीती नंतरची. घाम सुकण्याआधी मजुरी द्यावी, ही शिकवण आपण लहानपणापासून ऐकतो. हुकूकुल इबादचा मामला असा, की ज्याचा हक मारला त्यानेच माफ करायला हवं. मग कारखाना आपला असो की परक्याचा, हिशोब कागदावर असू द्या. आज घरी गेल्यावर मुलाची स्लिप मागून एकदा वाचा. आणि आपल्याकडे कोणी कामाला असेल, तर त्याला स्लिप दिली आहे का, तेही बघा.