लॅपटॉपचें कलम

महाविद्यालयांचें नवें वर्ष सुरू होण्याच्या सुमारास पालकांच्या हातीं जीं परिपत्रकें पडतात, त्यांत हल्लीं एका नव्या कलमाची भर पडूं लागली आहे. विद्यार्थ्याजवळ 'अद्ययावत्' लॅपटॉप असावा, त्याचा प्रोसेसर अमुक पिढीचा असावा, तो दोनतीन वर्षांपेक्षां जुना नसावा, असें त्यांत बजावलेलें असतें. कोणत्या विषयाच्या कोणत्या कामासाठीं हें सारें हवें, याविषयीं मात्र अवाक्षरहि नसतें. आमच्या पाहण्यांत आलेलें असेंच एक परिपत्रक मराठी, इतिहास आणि तत्त्वज्ञान या विषयांच्या विद्यार्थ्यांसहि जसेंच्या तसें लागू केलेलें होतें! ज्ञानेश्वरीवर निबंध लिहिण्यास प्रोसेसरची पिढी पाहावी लागते, हा शोध कोणीं लाविला कोण जाणे.

प्रश्न केवळ सोयीचा असता तर आम्हीं लेखणी उचलली नसती. परंतु ज्या घरांत थोरल्या बहिणीनें वापरलेलें यंत्रच धाकट्या भावाच्या वांट्यास यावयाचें असतें, त्या घरावर या एका कलमानें हप्त्यांचें ओझें येऊन पडतें. फी कशीबशी भरली, पुस्तकें ग्रंथालयांतून आणतां येतील, पण लॅपटॉपचें काय करावें, असा हिशेब मांडीत बसलेले पालक आम्हीं पाहिले आहेत. आणि आपलें जुनें, जाड, बिजागरी खिळखिळी झालेलें यंत्र वर्गांत पिशवींतून बाहेर काढण्यास संकोचणारे विद्यार्थीहि पाहिले आहेत. एके काळीं पायांतील वहाणांवरून मुलाची पायरी ठरत असे. तें काम आतां लॅपटॉपनें पत्करलें आहे.

वास्तविक महाविद्यालयीन अभ्यास म्हणजे काय? वाचणें, टिपणें काढणें, निबंध व अहवाल लिहिणें, कांहीं आंकडेमोड करणें, क्वचित् एखादा लहानसा प्रोग्रॅम रचणें. पांच हजार शब्दांचा मराठी निबंध साध्या मजकुराच्या रूपानें साठविला तर तो एक लाख बाइटांच्या आसपास मावतो. दहाबारा वर्षांपूर्वींच्या सामान्य लॅपटॉपची स्मृति चार अब्ज बाइटांची असे. म्हणजे असे चाळीस हजार निबंध व्हावेत एवढी ती जागा! जॉर्ज आर. आर. मार्टिन हे अमेरिकन कादंबरीकार आपल्या जाडजूड कादंबऱ्या डॉसच्या संगणकावर, वर्डस्टार ४.० या १९८७ सालच्या प्रोग्रॅमवर लिहितात, असें त्यांनींच २०१४ सालीं सांगितलें होतें.

आणि या अद्ययावत् यंत्रांवर आमच्याकडे शिकविलें काय गेलें? कित्येक महाविद्यालयांत सी आणि सी++ या भाषांचीं प्रात्यक्षिकें, जग पुढें निघून गेल्यावरहि वर्षानुवर्षें, बोर्लंड कंपनीच्या १९९० च्या सुमाराच्या टर्बो सी++ वरच चाललीं. चौसष्ट बिटांच्या विंडोजवर तो सोळा बिटांचा प्रोग्रॅम चालत नाहीं. म्हणून डॉसबॉक्स नांवाचा आणखी एक प्रोग्रॅम घालून नव्याकोऱ्या संगणकास जुन्याचें सोंग घ्यावयास लावावें लागे. विद्या पंचवीस वर्षांपूर्वींची आणि यंत्र मात्र याच सालचें, अशा आग्रहास आम्हीं काय म्हणावें?

प्रतिपक्षाचा एक मुद्दा मात्र हंसण्यावारी नेण्यासारखा नाहीं. जुना संगणक असुरक्षित असतो, असें ते म्हणतात. परंतु येथें दोन वयांची गल्लत होते. यंत्राचें वय निराळें आणि त्यावर चालणाऱ्या प्रणालीचें वय निराळें. विंडोज ७ च्या सुरक्षा-दुरुस्त्या मायक्रोसॉफ्टनें जानेवारी २०२० मध्यें थांबविल्या. ती प्रणाली घेऊन आज इंटरनेटवर जाणें हा अविचारच होय. विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं संपला. २०२१ सालीं निघालेली विंडोज ११ ही इंटेलच्या आठव्या पिढीपूर्वींच्या बहुतेक प्रोसेसरांस अधिकृतपणें स्वीकारीतच नाहीं. म्हणजे २०१६ सालचें धडधाकट यंत्र बिघडलें म्हणून नव्हे, तर एका यादींत त्याचें नांव नाहीं म्हणून बाद ठरलें. त्याच यंत्रावर डेबियन किंवा मिंट यांसारखी लिनक्स प्रणाली घातली कीं आजमितीच्या दुरुस्त्या त्यास विनामूल्य मिळूं लागतात. जुनी फिरती डिस्क काढून सॉलिड-स्टेट डिस्क बसवावी, स्मृति आठ गिगाबाइट करावी; मग तेंच यंत्र असें धांवूं लागतें कीं धन्यासहि नवल वाटावें. प्रस्तुत लेख २०१२ सालच्या अशाच एका लॅपटॉपवर लिहिला आहे.

जुन्याचे भक्त म्हणून मिरविणाऱ्या दुसऱ्या टोकाच्या मंडळींशींहि मात्र आमचें जमत नाहीं. तीसचाळीस वर्षांपूर्वींच्या संगणकावर आजचा सारा अभ्यास करून दाखविण्याची हौस हौस म्हणून ठीक; विद्यार्थ्यास ती परवडत नाहीं. डेबियननेंहि ऑगस्ट २०२५ मधील आपल्या १३ व्या आवृत्तींत बत्तीस बिटांच्या जुन्या संगणकांवर नव्यानें स्थापना करण्याची सोय बंद केली. मराठीच्या विद्यार्थ्यास तर ही मर्यादा फार लौकर भेडसावते. विंडोजमध्यें युनिकोड देवनागरी आली ती विंडोज २००० बरोबर. त्यापूर्वीं ज्याचा फाँट त्याची व्यवस्था निराळी. त्या काळीं टंकलेले मराठी प्रबंध आज तो फाँट नसलेल्या संगणकावर उघडावे, तर रोमन अक्षरांचा गोंधळ तेवढा दिसतो. चौसष्ट बिटांचें, चालू प्रणाली पेलणारें यंत्र असावें, एवढी मर्यादा आम्हांसहि मान्य आहे. यंत्राच्या जन्मसालाशीं तिचा फारसा संबंध नाहीं.

चलच्चित्रांचें संपादन, त्रिमिति आराखडे, कृत्रिम बुद्धिमत्तेचे प्रयोग यांस बलवान् यंत्र लागतें, हें कोण नाकारील? परंतु रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्यानें तराजू घरून आणावा, असें कोणतेंहि महाविद्यालय म्हणत नाहीं. तो प्रयोगशाळेंत असतो, आणि त्यासाठींच प्रयोगशाळेचें शुल्क घेतात. संगणकाच्या बाबतींतच हा न्याय उलटा कां व्हावा? २०२२ या एका वर्षांत जगांत ६.२ कोटी टन विद्युत्-कचरा निघाला, आणि रीतसर गोळा होऊन पुनर्वापरास गेल्याची नोंद त्यांतील केवळ २२.३ टक्क्यांची आहे, असें संयुक्त राष्ट्रांचा अहवाल सांगतो. पर्यावरणावर सक्तीचा प्रकल्प लिहून घेणाऱ्या महाविद्यालयांनीं हे आंकडे आपल्या परिपत्रकाशेजारीं ठेवून पाहावेत.

तेव्हां परिपत्रकांत लिहावयाचेंच असेल तर काम कोणत्या रूपांत हवें तें लिहावें. निबंध पीडीएफ करून द्यावा, प्रोग्रॅमचा मूळ मजकूर द्यावा, आणि तो कोणत्याहि चालू ब्राउझरांतून पाठवितां यावा. परीक्षेचा प्रोग्रॅम विंडोज ११ वांचून चालत नसेल, तर त्या दिवशीं महाविद्यालयानें आपली संगणकशाळा उघडावी आणि ज्यांस हवें त्यांस तेथें बसूं द्यावें. येत्या जूनच्या परिपत्रकांत हें कलम कोणत्या रूपानें उतरतें, तें आम्ही पाहणार आहों.