एकांताचा शिधा

अलीकडे संन्यासी फार देखणा झालाय. मालिकेत पाहा नाहीतर मोबाइलवरच्या रीलमध्ये: गुहेवर धुकं, मागे बासरी, वरून ड्रोनच्या घिरट्या. या बाबाला भूक लागत नाही आणि त्याची छाटी कधी विटत नाही. यंदाच्या अंकासाठी ‘एकांत’ हा विषय ठरला, तेव्हा सुरुवातीला आलेल्या लेखांत हाच बाबा नावं बदलून बसला होता. मग लेखकांना म्हटलं, आधी कान्हेरीला जाऊन या.

बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात, डोंगराच्या अंगावर शंभराहून अधिक लेणी. हजारेक वर्षं तिथे भिक्षूंचा राबता होता. एखाद्या साध्या लेण्यापाशी थांबून नीट पाहावं. पुढे ओसरी, आत खोली, निजायला दगडी ओटा, दाराशी पाण्याची पोढी. कातळात खोदलेल्या पन्हळीतून पावसाचं पाणी त्या पोढीत उतरायचं आणि उन्हाळ्यापर्यंत पुरवायचं असायचं. एकट्याची खोली, पण शेजार भरपूर, आपल्या चाळीसारखाच. 11 क्रमांकाच्या लेण्यात तर लांबच लांब दोन बैठे ओटे आहेत. ते सभेसाठी की पंगतीसाठी, हा वाद अभ्यासकांनी घालावा. आमचं मत पंगतीला.

या सगळ्याचा खर्च कोण करायचं, तेही भिंतींवरच्या ब्राह्मी लेखांत आहे. कल्याण-सोपाऱ्याचे व्यापारी, सोनार, त्यांच्या घरच्या बायका. कुणी लेणं खोदवलं, कुणी पोढी, कुणी पैसे ठेवून दिले. एका लेखात भिक्षूंच्या वस्त्रांसाठी मंगलस्थान गावातलं शेत दिल्याची नोंद आहे. हे मंगलस्थान म्हणजे आपलं मागाठाणे, असं मानतात. आज तिथे मेट्रो थांबते.

अमेरिकन लेखक थोरोच्या एकांताचंही तसंच. 1845 साली वॉल्डन तळ्याकाठी तो खोपट बांधून राहिला, पण जागा मित्राची, इमर्सनची. जवळून आगगाडी जायची, घर चालत जाण्याच्या अंतरावर. त्याला मराठीत आणलं दुर्गाबाई भागवतांनी, ‘वॉल्डनकाठी विचारविहार’ या नावाने. बाईंचं आयुष्य ग्रंथालयात गेलं, तरी 1975 साली कऱ्हाडच्या साहित्य संमेलनात अध्यक्ष म्हणून त्या आणीबाणीविरुद्ध बोलल्या आणि पुढे तुरुंगात गेल्या. अशी एकांतप्रिय माणसं पडद्यावर फारशी येत नाहीत. त्यांच्यावर ड्रोन फिरवून काय दिसणार!

मुलुंड-घाटकोपरच्या इमारतींत आज कितीतरी जण एकटे राहतात. काही हौसेने, काही मुलं परदेशी गेली म्हणून. दोघांना एकाच मापाने मोजणं आम्हाला मान्य नाही. म्हणून लेखकांना ध्यानाबद्दल विचारलंच नाही. विचारलं ते असं: डबा कुठून येतो, सोसायटीचा मेंटेनन्स कोण भरतं, ताप आला तर बेल कुणाची वाजवायची? ज्या लेखांत याचा पत्ता नव्हता ते साभार परत गेले. म्हणून अंक यंदा सोळा पानांनी बारीक आहे. किंमत मात्र तीच.