ट्रान्झिस्टरची झाडझूड

पावसाळा सरला की बेळगाव-निपाणीकडील घरांतून माळ्यावरच्या वस्तूंना ऊन दाखविण्याची रीत आहे. गाद्या, पोथ्या, पितळी डबे आणि त्यांच्या आडून बहुधा एक जुना ट्रान्झिस्टर बाहेर पडतो. पोस्टात पैसे भरून ज्याचा परवाना काढावा लागे, असा तो मानाचा मानकरी! आता तो बोलत नाही, म्हणून भंगारवाल्याच्या तराजूत जातो. आमचे म्हणणे एवढेच, की जाऊ देण्यापूर्वी त्याचे पोट एकदा उघडून पाहावे. दोष पुष्कळदा वयाचा नसतो, मळाचा असतो.

आमच्या भागात या यंत्राला विशेष मोल होते. धारवाडचे आकाशवाणी केंद्र १९५० सालचे, सांगलीचे १९६३ चे. १९५६ साली राज्यांच्या सीमा आखल्या गेल्या, पण मध्यमलहरींना त्यांचा पत्ता नव्हता. एकाच घरात सकाळी काटा सांगलीवर असे आणि रात्री, मल्लिकार्जुन मन्सूर ज्या केंद्राचे संगीत सल्लागार होते, त्या धारवाडवर.

निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत उभा जन्म गेलेल्या एका आजीबाईंचा संच गेल्या वर्षी आमच्या पाहण्यात आला. यजमानांच्या मागे तोच त्यांचा सोबती. आतील तपकिरी पट्टीवर तंबाखूची बारीक भुकटी बसलेली. अशी धूळ पावसाळ्यात दमट होते आणि जिथे वीज वाहू नये तिथे तिला चोरवाट करून देते. मग खरखर, मग मौन. एका दुरुस्ती करणाऱ्याने ती पट्टी थिनरने धुतली होती. मळ गेला खरा, पण त्याबरोबर पॉलिस्टायरीनचे दोन पारदर्शक कंडेन्सर विरघळले आणि काट्यामागील आकडेही पुसले गेले. स्वच्छतेच्या उत्साहाने वस्तू मारण्याचा हा प्रकार आम्हांस अज्ञानाहून अधिक घातक वाटतो.

तेव्हा रीत अशी. प्रथम सेल काढावेत आणि कोणती तार कोठे जोडली आहे याचे छायाचित्र घ्यावे. कोरड्या, मऊ कुंचल्याने धूळ झाडावी. अर्धे काम येथेच होते. त्यानंतर इलेक्ट्रॉनिक सामानाच्या दुकानातील शुद्ध आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये कुंचला किंचित भिजवून पट्टी पुसावी. कोरोनाकाळातील उरलेले सॅनिटायझर वापरण्याचा मोह होईल, तो आवरावा. त्यात ग्लिसरीन असते आणि ते चिकट थर मागे ठेवते. डाखाभोवती दिसणारी पिवळसर राळ कारखान्यातूनच आलेली असते, ती खरवडू नये. लहान कॉइलच्या डोक्यावरील खाचेत पेचकस तर मुळीच घालू नये. ते फिरले की केंद्रे हरवतात, आणि ती पुन्हा जुळविणे जाणकाराचेच काम.

सेलच्या कप्प्यातील पांढरी-हिरवी बुरशी हे निराळे दुखणे. जुने जस्त-कार्बनचे सेल पाझरले असतील तर खाण्याच्या सोड्याचे पाणी, अल्कलाइन सेल पाझरले असतील तर लिंबाचा रस. कापसाच्या बोळ्याने लावावा, मग शुद्ध पाण्याने व शेवटी अल्कोहोलने पुसून घ्यावे. खिडक्या उघड्या असाव्यात, देव्हाऱ्यातील निरांजन दूर असावे. संच उन्हात वाळवू नये, कारण एरियलची कॉइल अनेकदा मेणानेच चिकटविलेली असते. सावलीत एक रात्र पुरते.

हे सर्व सेलवर चालणाऱ्या संचापुरतेच. घरच्या विजेवर चालणारा व्हॉल्व्हचा रेडिओ मात्र गृहिणींनी व मुलांनी उघडू नये, घरधन्यानेही नाही! प्लग काढल्यावरही त्याच्या मोठ्या कंडेन्सरात जीवघेणा दाब राहू शकतो.

आजीबाईंच्या संचाला दोन कंडेन्सर नवे बसविले, ते थोड्याच रुपयांत मिळाले. काट्यामागील आकडे मात्र परतले नाहीत. त्यांच्या नातवाने काचेवर सांगलीच्या जागी शाईने एक ठिपका दिला आहे.