काटा सांगत नाही ते

‘अंगाने बारीक आहे, त्याला कसला मधुमेह!’ हा आपल्याकडील घरोघरचा समज. तो किती घातक आहे, हे पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी स्वतःच्या देहाच्या साक्षीने दाखवून दिले. २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात ते व त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचे छायाचित्र प्रसिद्ध झाले. उंचीच्या मानाने दोघांचे वजन सारखेच. परंतु युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के!

काटा वजन सांगतो. चरबी कोठे साठली ते सांगत नाही. त्वचेखालच्या चरबीपेक्षा यकृत व आतड्यांभोवतीची चरबी अधिक घातक, कारण ती इन्सुलिनच्या कार्यात अडथळा आणते. तिचे अचूक मोजमाप सी. टी. स्कॅन वा एम. आर. आय.ने होते. पण पहिल्यात किरणोत्साराचा धोका, दुसऱ्यात खर्चाचा डोंगर. निपाणीजवळच्या बोरगावच्या शेतमजुराने केवळ त्यासाठी बेळगाव वा कोल्हापूर का गाठावे?

उत्तर शिंप्याच्या टेपमध्ये आहे. शेवटची बरगडी व कमरेचे हाड यांच्या मध्यावर, श्वास सहज सोडल्यावर, टेप न आवळता घेर मोजावा. भारतीय तज्ज्ञांनी २००९ मध्ये पुरुषांसाठी ९० व स्त्रियांसाठी ८० सेंटीमीटर ही मर्यादा सुचविली. घेर उंचीच्या निम्म्याहून कमी असावा, हा आणखी सोपा हिशेब. टेपला त्वचेखालची आणि आतली चरबी वेगळी करता येत नाही, हे खरे. म्हणून ती निदान नव्हे, चाळणी आहे. तिच्यात जो अडकेल, त्याची रक्तशर्करा, रक्तदाब व रक्तातील चरबी तपासावी.

हा प्रश्न सुखवस्तूंपुरता नाही. पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील अर्भके इंग्रज अर्भकांहून सुमारे ८०० ग्रॅमने हलकी भरली. पण त्यांच्या अंगची चरबी त्या प्रमाणात घटलेली नव्हती. आणि आपल्या गोव्याचे काय? भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत प्रौढांमधील मधुमेहाचे प्रमाण देशात सर्वाधिक, २६.४ टक्के, गोव्यातच आढळले!

रक्तदाबाच्या यंत्राशेजारी एक टेप ठेवण्यास सरकारी अनुदान लागत नाही. ती प्रत्येक दवाखान्यात असावी आणि घेराची नोंद प्रत्येक प्रौढाच्या केसपेपरवर व्हावी, अशी आमची डॉक्टरमंडळींना आग्रहाची विनंती आहे. कपड्यांसाठी माप देताना आपण संकोचत नाही. आयुष्यासाठी देताना का संकोचावे?