गोठ्यामागचा कारखाना



शिरूरकडच्या एका शेतकरी बंधूंचे पत्र आले आहे. त्यांचा धाकटा मुलगा बारावी झाला. शेतात हाक मारली की येतो, सांगितले ते काम करतो, पण मन सगळे गोठ्यामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये. तेथे त्याने जुना व्हाइस, कानशी, करवत, हातड्रिल असे सामान जमवले आहे. पितळी नळीपासून वाफेचे छोटे इंजिन करतो आहे. गेल्या महिन्यात तर घरच्या कडबाकुट्टीची पुली बदलून त्याने ती ‘जोरात’ केली. वडील विचारतात, ‘‘साहेब, हा नाद मोडावा की चालू द्यावा?’’

माझे सरळ उत्तर असे की, नाद मोडू नका. पण शेडमध्ये जाऊन दोन वस्तू मात्र स्वतः बघा. एक त्या इंजिनाचा बॉयलर आणि दुसरी कडबाकुट्टीची पुली. पहिल्याने भाजते आणि दुसरीने हात जातो.

आधी नादाविषयी. मी विश्रांतवाडीला राहतो. आळंदीहून निघालेली माउलींची पालखी दिघीवरून याच रस्त्याने पुण्यात जाते, हे वारकरी मंडळींना ठाऊकच आहे. शेजारी खडकी. तेथे १८६९ पासून दारूगोळ्याचा कारखाना आहे आणि १९४६ साली किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनीही खडकीलाच उभी राहिली. विजेची मोटर येण्याआधी गावोगावच्या विहिरींवर जी डिझेल इंजिने धडधडली, त्यांतली कितीतरी या कंपनीची.

पण या घराण्याच्या उद्योगाची सुरुवात मोठ्या कारखान्याने झालेली नाही. १८८८ साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात सायकलचे दुकान काढले. सायकली विकता-दुरुस्त करता ते शेतकऱ्याच्या अडचणी पाहू लागले. त्यातून कडबा कापण्याचे यंत्र झाले आणि १९०३ च्या सुमारास लोखंडी नांगर. लोखंडाने जमीन विषारी होते, असा त्या काळी लोकांचा समज होता. पहिला नांगर खपायला दोन वर्षे लागली. पुढे १९१० मध्ये औंध संस्थानात, कुंडल रोड स्टेशनजवळच्या माळरानावर किर्लोस्करवाडी वसली. शेजाऱ्याची रोजची अडचण बघून हाताने काही करून पाहणारा माणूस गावाच्या उपयोगी पडतो, एवढे यातून घ्यावे.

‘‘नांगराचे ठीक, पण खेळण्यातले इंजिन कशाला?’’ असे कोणी म्हणेल. तर जेम्स वॉटची हकीगत ऐका. किटलीचे झाकण उडताना पाहून त्याला इंजिन सुचले, असे मुलांना सांगतात. प्रत्यक्षात वाफेचे इंजिन त्याच्या आधी, १७१२ सालीच न्यूकोमेनने चालवले होते. १७६३-६४ मध्ये ग्लासगो विद्यापीठातली त्या इंजिनाची लहान प्रतिकृती वॉटकडे दुरुस्तीला आली. ती चालवताना त्याच्या लक्षात आले की, दर फेरीला सिलिंडर पाण्याने थंड होतो आणि तो पुन्हा तापवण्यातच बरीचशी वाफ खर्च होते. वाफ थंड करायला वेगळे भांडे ठेवावे, हे त्याला १७६५ मध्ये सुचले आणि कोळशाची मोठी बचत झाली. लहान इंजिन जुळवताना मुलगा माप घ्यायला शिकतो, घर्षण कमी करायला शिकतो. असा मुलगा पुढे तुमच्या पंपाचा आवाज ऐकून बिघाड ओळखेल.

आता धोक्याचे. माझ्या भगिनींना बॉयलर वेगळा समजावून सांगायला नको, कारण तो रोज त्यांच्या चुलीवर असतो. प्रेशर कुकर म्हणजे लहान बॉयलरच. आत दर चौरस सेंटिमीटरला सुमारे १ किलो दाब असतो. झाकण २० सें.मी. व्यासाचे धरले, तर त्यावर आतून ३०० किलोंहून अधिक जोर येतो, म्हणजे ५० किलोंची सहा पोती. तरी कुकर फुटत नाही, कारण भांडे त्या हिशेबाने केलेले असते, शिट्टी जादा वाफ सोडते आणि शिट्टी तुंबली तर सेफ्टी व्हॉल्व्ह वितळून वाट मोकळी करतो. शेडमध्ये डबा किंवा नळी झाळून केलेल्या बॉयलरला यातले काय असते?

कथील-शिशाचा साधा डाग १९० अंशांच्या आसपास वितळतो. आत पाणी आहे तोवर तो निभावतो. पाणी आटले की जाळाने सांधा सुटतो. भांडे अचानक फुटले की आतल्या तापलेल्या पाण्याची एका क्षणात वाफ होते. उघड्यावर एक लिटर पाण्याची १,६०० लिटरहून अधिक वाफ होते, हे लक्षात घ्या. साखर कारखान्यातल्या बॉयलरची सरकारी तपासणी होते ती उगाच नव्हे. त्यासाठी १९२३ चा कायदा होता आणि २०२५ मध्ये त्याच्या जागी नवा आला.

म्हणून मुलाला सांगा, इंजिन कर, पण ते आधी हवेवर चालव. ट्रॅक्टरच्या जुन्या ट्यूबमध्ये सायकलच्या पंपाने थोडी हवा भरून ती बारीक नळीने इंजिनाला दिली, तर चाक तसेच फिरते. ट्यूब टणक होईपर्यंत मात्र भरू नये. वाफेचा बॉयलर त्यातल्या जाणकाराकडूनच करून घ्यावा. चांदीच्या डागाचे सांधे, सेफ्टी व्हॉल्व्ह, आणि जाळ लावण्याआधी कामाच्या दुप्पट दाबाची पाण्याची चाचणी, या तिन्ही गोष्टी हव्यात. पाणी दाबले जात नाही, म्हणून चाचणीत सांधा सुटला तर नुसते गळते, भांडे उडत नाही.

आता कडबाकुट्टी. हिशेब सोपा आहे. मोटरच्या फेऱ्यांना मोटरच्या पुलीच्या व्यासाने गुणा आणि यंत्राच्या पुलीच्या व्यासाने भागा. मोटर मिनिटाला १,४४० फेऱ्यांची, तिची पुली ३ इंची आणि यंत्राची १२ इंची, तर यंत्र ३६० फेऱ्या फिरेल. मोटरवर ६ इंची पुली बसवली की ७२० होतील. वेग दुप्पट झाला, पण चाकावर आणि पात्यांच्या बोल्टांवर बाहेर फेकणारा ताण चौपट होतो. बिडाचे चाक त्यासाठी ओतलेले नसते. ते तडकले तर तुकडे गोळीसारखे सुटतात. यंत्राच्या पाटीवर लिहिलेल्या फेऱ्यांपुढे जाऊ नये.

कुट्टीला वैरण लावायला बहुतेक घरची बाई असते. पट्ट्यावरची जाळी काढलेली असेल, तर पदर किंवा साडीचा काठ ओढला जायला एक क्षण पुरतो. मळणीयंत्राचेही तेच. त्यात हात जाऊन माणसे अपंग होऊ लागली, तेव्हा १९८३ साली केंद्र सरकारला धोकादायक यंत्रांसाठी कायदा करावा लागला. पेंडी आत सरकवायची पन्हळ निदान ९० सें.मी. लांब असावी आणि यंत्राकडची ४५ सें.मी. वरून झाकलेली असावी, म्हणजे हात दातांपर्यंत पोचत नाही. पुष्कळ यंत्रांची पन्हळ आखूड असते. ती लांब करणे, पट्ट्याला जाळी बसवणे, मोटरचा स्विच हाताशी आणणे, ही खरी सुधारणा. तुमच्या कारागीर मुलाला पहिले काम हेच द्या. पत्रा आणि चार बोल्ट यांच्या खर्चात ते होते.

शेडमध्ये त्याला पक्का बाक, चांगला उजेड आणि डोळ्यांना चष्मा द्या. मोटरला अर्थिंग करून घ्या. तालुक्याच्या आयटीआयमध्ये फिटर आणि टर्नर हे दोन वर्षांचे अभ्यासक्रम असतात व दहावी झालेल्याला त्यांसाठी अर्ज करता येतो. त्याची चौकशी करा. आणि जुनी पुली परत बसेपर्यंत कडबाकुट्टीचा फ्यूज काढून स्वतःच्या खिशात ठेवा. दोन दिवस वैरण कोयत्याने तोडावी लागली तरी चालेल.